नोंदी कोणाच्या मालकीच्या?

ग्रंथालयांनी आपल्या तालिका एकमेकांना आणि साऱ्या जगाला खुल्या कराव्यात की नाही, हा वाद वरवर तांत्रिक वाटतो. पण कोणत्या भाषेतले कोणते पुस्तक उद्याच्या वाचकाला सापडणार आणि कोणते कपाटात असूनही हरवणार, हे त्यावरूनच ठरते. मराठीपुरते बोलायचे, तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

ग्रंथालयातील पुस्तक कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ज्या ग्रंथालयाने ते विकत घेतले, दाखल-नोंदवहीत चढवले आणि त्यावर आपला शिक्का मारला, त्याचे. पण त्याच पुस्तकाचे पाच-सहा ओळींचे वर्णन ग्रंथपाल तयार करतो, त्याची मालकी कोणाकडे? लेखकाचे नाव, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या, विषय आणि वर्गांक एवढाच त्या नोंदीचा ऐवज. यातील बहुतेक माहिती पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणि आतल्या पानावर छापलेलीच असते. तरीही या नोंदींवरून अमेरिकेत गेली दीड दशके खडाजंगी चालू आहे आणि प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये ओहायो राज्यातील 'ओसीएलसी' या ग्रंथालय सहकारी संस्थेने 'ॲनाज आर्काइव्ह' या अनधिकृत संकेतस्थळाविरुद्ध दावा दाखल केला. संस्थेच्या 'वर्ल्डकॅट' या जागतिक संयुक्त तालिकेतील नोंदी स्वयंचलित यंत्रणेद्वारे उतरवून घेऊन जगजाहीर केल्याचे या संकेतस्थळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःच सांगितले होते. त्याआधी जून २०२२ मध्ये याच संस्थेने 'क्लॅरिव्हेट' या बड्या कंपनीला न्यायालयात खेचले होते. ग्रंथालयांना आपापल्या नोंदी परस्परांना थेट देता-घेता येतील, अशी 'मेटाडोअर' नावाची मोफत व्यवस्था ती कंपनी उभारू पाहत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने ती योजना गुंडाळली. पहिल्या प्रकरणातील प्रतिवादी कायद्याच्या चौकटीबाहेरचा होता, दुसऱ्यातील प्रस्थापित उद्योगसमूह होता. वादाचे मूळ मात्र एकच होते: हजारो ग्रंथालयांनी मिळून केलेल्या कामाच्या फळावर अखेरचा शब्द कोणाचा?

पत्राकडून जाळ्याकडे

या प्रश्नाचे मूळ सव्वाशे वर्षे मागे जाते. १९०१ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकण्यास प्रारंभ केला. एकाच पुस्तकाचे वर्णन शंभर गावांतील शंभर ग्रंथपालांनी नव्याने लिहीत बसण्यापेक्षा एकाने काळजीपूर्वक लिहावे आणि बाकीच्यांनी ते वापरावे, हा साधा व्यवहारी विचार त्यामागे होता. १९६०च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरम या संगणकतज्ज्ञ महिलेने तालिकापत्रावरील प्रत्येक घटकाला यंत्राला कळेल असा क्रमांक देण्याची 'मार्क' ही पद्धत सिद्ध केली. शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात आणि विषय ६५० क्रमांकाच्या रकान्यात, ही तिची शिस्त आजही जगभरच्या ग्रंथालयांत पाळली जाते.

ओसीएलसीचा जन्म याच विचारातून झाला. ओहायोतील महाविद्यालयांनी १९६७ साली एकत्र येऊन ही संस्था स्थापन केली आणि फ्रेडरिक किलगोर यांच्या नेतृत्वाखाली २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पहिल्यांदा जोडलेल्या संगणकावरून पुस्तकांच्या नोंदी केल्या. एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला आयती मिळू लागली, नव्या नोंदींची भर पडत गेली आणि त्या तालिकेतील नोंदींची संख्या आज पन्नास कोटींच्या पलीकडे गेली आहे. ओसीएलसीने अखेरचे छापील तालिकापत्र १ ऑक्टोबर २०१५ रोजी काढले तेव्हा त्याची बातमी झाली, पण तोवर लाकडी खणांतील पत्रांचे युग केव्हाच संपले होते.

भांडणाला तोंड फुटले ते २००८च्या नोव्हेंबरात. वर्ल्डकॅटमधील नोंदी सभासद ग्रंथालयांनी कोणाला व कशासाठी द्याव्यात, यावर बंधने घालणारे नवे धोरण संस्थेने जाहीर केले. ग्रंथालय जगतात त्याविरुद्ध मोठा गदारोळ झाला. 'आम्हीच लिहिलेल्या नोंदी आम्ही कोणाला द्यायच्या, हे तुम्ही कोण सांगणार?' हा त्या विरोधाचा आशय होता. ते धोरण आधी लांबणीवर पडले, मग मागे घेतले गेले. ऑगस्ट २०१० मध्ये 'हक्क आणि जबाबदाऱ्या' अशा सौम्य शब्दांत नवा मसुदा आला. आज्ञेची जागा विनंतीने आणि परस्पर संकेतांनी घेतली. तणाव मात्र कायम राहिला.

ओसीएलसीची बाजू सर्वस्वी फेटाळण्याजोगी नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. कोट्यवधी नोंदी नुसत्या साठवून भागत नाही. एकाच पुस्तकाच्या दहा ठिकाणांहून आलेल्या दहा नोंदी एकत्र कराव्या लागतात, चुका दुरुस्त कराव्या लागतात, नावांची एकवाक्यता राखावी लागते, आणि यंत्रे, वीज व माणसे यांचा खर्च दरवर्षी भागवावा लागतो. ही संस्था नफ्यासाठी चालत नाही. तिचे उत्पन्न सभासदांच्या वर्गणीतून येते. सगळे फुकट मिळणार असेल तर वर्गणी कोण भरील, हा तिचा प्रश्न खोटा नाही. विरोधकांचे उत्तर असे, की खर्च सेवेचा असतो, माहितीचा नव्हे. सेवेचे मोल जरूर घ्यावे, पण नोंदीभोवती कुंपण घालू नये. विहिरीवरच्या रहाटाचे भाडे घेणे वेगळे आणि पाण्यावर मालकी सांगणे वेगळे.

कायदा काय म्हणतो

कायद्याचा कौलही एकसारखा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दूरध्वनी-पुस्तिकेच्या गाजलेल्या खटल्यात वस्तुस्थितीवर कोणाचाही स्वामित्वहक्क असू शकत नाही, असा निर्वाळा दिला. केवळ घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही, काही किमान सर्जनशीलता हवी, असे त्या निकालाचे सार. युरोपने वेगळी वाट धरली. १९९६च्या निर्देशान्वये तेथे माहितीसंग्रह उभारण्यासाठी केलेल्या भरीव गुंतवणुकीला पंधरा वर्षांचे स्वतंत्र संरक्षण मिळते. भारतात १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील वाङ्मयीन कृतीच्या व्याख्येत संगणकीय माहितीसंग्रहांचाही समावेश आहे. मात्र 'ईस्टर्न बुक कंपनी' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये निवळ श्रमांपेक्षा कौशल्य व निर्णयबुद्धीची काहीएक किमान छटा आवश्यक मानली.

तात्पर्य असे, की सुट्या नोंदीवर हक्क सांगणे कठीण, पण नोंदींच्या समग्र संग्रहावर हक्क सांगणे देशोदेशी कमीअधिक शक्य, असा हा गुंता आहे. अशा वेळी एखाद्या ग्रंथालयाने मौन पाळले, तर त्याच्या नोंदी वापराव्यात की नाही याची खातरी दुसऱ्याला वाटत नाही. म्हणूनच 'या नोंदींवर आमचा कोणताही दावा नाही' असे स्पष्ट लिहून देणाऱ्या 'सीसी-झीरो' परवान्याला महत्त्व आले. श्रेय द्या, एवढी साधी अटही त्यात नसते. याचे कारण व्यवहारात आहे. एका नोंदीवर दहा ग्रंथालयांचा हात फिरलेला असतो. प्रत्येकाचे श्रेय प्रत्येक ठिकाणी लिहायचे म्हटले तर नोंदीपेक्षा श्रेयनामावलीच लांबेल.

ब्रिटिश लायब्ररीने २०१० साली ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीतील सुमारे ३० लाख नोंदी याच परवान्याखाली मुक्त केल्या. हार्वर्ड विद्यापीठाने एप्रिल २०१२ मध्ये १ कोटी २० लाख नोंदी खुल्या केल्या. त्याच वर्षी युरोपभरच्या ग्रंथालयांची व संग्रहालयांची माहिती एकत्र आणणाऱ्या 'युरोपियाना'ने सुमारे दोन कोटी वस्तूंची वर्णने मुक्त केली. ज्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ साली पत्रे विकायला काढली होती, तिनेही मे २०१७ मध्ये अडीच कोटी नोंदी कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतील अशा ठेवल्या. विक्रीपासून दानापर्यंतचा हा प्रवास ११६ वर्षांचा झाला.

दान दिल्याने काय साधते?

नोंदी खुल्या करणे म्हणजे एक मोठी संगणकीय फाइल संकेतस्थळावर ठेवून मोकळे होणे नव्हे. खरा लाभ होतो तो त्या नोंदी एकमेकींशी आणि महाजालावरील इतर साधनांशी जोडल्या गेल्यावर. एक उदाहरण पुरेसे आहे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. यंत्राला सांगावे लागते. एका तालिकेत कवितासंग्रह कुसुमाग्रजांच्या नावावर, दुसरीत नाटक शिरवाडकरांच्या नावावर आणि तिसरीत रोमन लिपीतील तिसरेच रूप असेल, तर तीन लेखक जन्माला येतात. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, ग्रेस आणि माणिक गोडघाटे, बी आणि नारायण मुरलीधर गुप्ते, असे टोपणनावांचे भांडार असलेल्या भाषेत तर हा घोटाळा पावलोपावली संभवतो.

त्यावरचा उपाय असा, की प्रत्येक लेखकाला एक कायमचा, न बदलणारा ओळखक्रमांक द्यायचा आणि त्याची सारी नावे, साऱ्या लिप्यांतील रूपे त्या क्रमांकाला बांधायची. विविध देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामसूची एकत्र गुंफणारी 'व्हीआयएएफ' ही व्यवस्था हेच करते. २०१२ साली सुरू झालेला 'विकिडेटा' हा मुक्त संग्रह तेच काम लोकसहभागातून करतो. ग्रंथालयाने आपल्या नोंदीत हा क्रमांक घातला, की लेखकाचे चरित्र, छायाचित्र, अनुवाद, अंकीकृत प्रती ही सारी साधने त्या एका धाग्याने जोडली जातात. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपली संयुक्त तालिका २००८ सालीच या पद्धतीने महाजालावर आणली आणि २०१८ साली जुन्या मार्क पद्धतीचा त्याग करून ती पूर्णपणे जोडलेल्या नोंदींवर बेतली.

आणखी एक लाभ ब्रिटिश लायब्ररीच्या अनुभवाने जगाला शिकवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीखोरांनी तिच्या संगणकयंत्रणेवर हल्ला केला. पुस्तके फडताळांत सुरक्षित होती, पण ती शोधण्याचा मार्गच बंद झाला. मुख्य तालिका १५ जानेवारी २०२४ रोजी परत आली, तीही केवळ वाचण्यापुरती. जगातील अग्रगण्य ग्रंथालय तालिकेवाचून किती पंगू होते, याचे हे ढळढळीत दर्शन होते. ज्या नोंदींच्या प्रती चार ठिकाणी असतात, त्या एका हल्ल्याने, एका आगीने किंवा एका नादुरुस्त चकतीने नष्ट होत नाहीत.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली: खुली करायची ती पुस्तकांची माहिती, वाचकांची नव्हे. कोणी काय वाचले, ही नोंद कुलपातच राहिली पाहिजे. दुसरी: आयती मिळालेली नोंद निर्विकार नसते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत परवाना नसलेल्या स्थलांतरितांसाठी 'बेकायदा परकीय' अशा अर्थाचा शब्द होता. २०१४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्याला आक्षेप घेतला, २०१६ मध्ये ग्रंथालयाने बदल जाहीर केला, अमेरिकी संसदेत त्यावरून राजकारण झाले, आणि बदल प्रत्यक्षात आला तो २०२१च्या नोव्हेंबरात. ड्यूई दशांश पद्धतीत समग्र मराठी साहित्याला ८९१.४६ या एका दशांशकोपऱ्यात जागा मिळाली आहे. बखर, पोवाडा, अभंग किंवा दलित आत्मकथन यांचे बारकावे परक्या वर्गीकरणाने ओळखावेत ही अपेक्षाच गैर. नोंद बाहेरून घ्यावी, पण तिच्यावरचा विचार घरचा असावा.

मराठी पुस्तकांचा पत्ता परदेशी

मराठीचा या वादाशी असलेला संबंध वाटतो त्याहून जुना आणि जवळचा आहे. १८६७च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारदरबारी करणे बंधनकारक केले. शीर्षक, भाषा, लेखक, विषय, मुद्रक, पृष्ठे, किती प्रती छापल्या, किंमत काय, असे तपशील त्यात असत. सरकारचा हेतू पाळतीचा होता, पण त्यातून एकोणिसाव्या शतकातील ग्रंथव्यवहाराचा अमोल दस्तऐवज तयार झाला. ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती छापील ग्रंथांची ब्लुमहार्ट यांनी केलेली तालिका १८९२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या दोन कालखंडांची 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली. एका व्यक्तीच्या चिकाटीने झालेल्या या कामावर मराठीचे अभ्यासक आजही विसंबून आहेत.

स्वातंत्र्यानंतरचा अध्याय तर अधिकच विलक्षण आहे. 'पीएल ४८०'चा अमेरिकन गहू जुन्या पिढीला अजून आठवतो. १९५४च्या त्या कायद्यान्वये आलेल्या धान्याची किंमत भारताने रुपयांत चुकवली. ते रुपये येथेच खर्च करायचे होते. त्यातील काही रकमेतून पुस्तके घेण्याची तरतूद १९५८ साली झाली आणि १९६२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसचे कार्यालय दिल्लीत उघडले. पुण्या-मुंबईत निघालेल्या मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, संशोधनग्रंथ अशा प्रकारे अमेरिकेतील विद्यापीठांच्या फडताळांवर पोहोचले. रुपयांचा निधी आटल्यावर विद्यापीठांनी स्वतःच्या पैशाने खरेदी चालू ठेवली. महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणी आज न मिळणारे पुस्तक शिकागोत मिळते, ही खंत अभ्यासक व्यक्त करतात तेव्हा तिच्यामागे गव्हाचा हा इतिहास असतो.

मात्र त्या नोंदी दीर्घकाळ रोमन लिपीत केल्या गेल्या. मराठी माणूस 'ज्ञानेश्वरी' हे नाव रोमन लिपीत 'डी' या अक्षराने सुरू करतो, तर ग्रंथालयांच्या अधिकृत लिप्यंतरात ते 'जे' या अक्षराने सुरू होते. साहजिकच शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पुस्तक आहे, नोंदही आहे, पण दोहोंची आणि वाचकाची गाठ पडत नाही.

अशी गाठ न पडण्याची किंमत काय असते, याचा दाखला गोव्याच्या भूमीत आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्येही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहात होती. विसाव्या शतकात जस्टिन ॲबट यांचे तिच्याकडे लक्ष गेले तेव्हा ती अभ्यासकांना उमगली. ग्रंथ कपाटात असणे आणि तो उपलब्ध असणे यांतले अंतर केवळ एका नोंदीचे असते. ते कापायला कधीकधी शतके लागतात.

घरची स्थिती

महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता व अनुदान मिळणारी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चे, मुंबईचे १८९८चे. शतक ओलांडलेल्या अशा संस्था गावोगाव आहेत. त्यांच्या कपाटांत काय आहे, हे एकत्रितपणे सांगणारी आणि कोणालाही मुक्तपणे उतरवून घेता येईल अशी संयुक्त तालिका नाही. प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. दिल्लीत 'डेलनेट' १९८८ साली सुरू झाले. पुढच्या दशकात मुंबईत 'बोनेट' आणि पुण्यात 'पुणेनेट' यांची मुहूर्तमेढ रोवली गेली. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'ने विद्यापीठांसाठी 'इंडकॅट' ही संयुक्त तालिका उभारली. परंतु ही सारी धडपड प्रामुख्याने उच्च शिक्षण व संशोधन संस्थांभोवती फिरत राहिली. तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय तिच्या परिघाबाहेरच राहिले.

संगणक जेथे पोहोचले, तेथेही अडचणी संपल्या नाहीत. अनेक ठिकाणच्या मराठी नोंदी युनिकोडपूर्व काळातील खासगी फाँटमध्ये अडकून पडल्या आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती अक्षरे म्हणजे निरर्थक चिन्हांची रांगोळी. युनिकोडमध्येही मेख आहेच. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टंकित करता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र वेगळे वाटतात. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीची शीर्षके अनुस्वारांनी भरलेली आहेत. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचे नाव आजच्या लेखनपद्धतीने शोधले, तर साधा संगणक हात वर करतो. हे प्रश्न अमेरिकेतील कोणी सोडवून देणार नाही. ते मराठी जाणणाऱ्यांनीच सोडवायचे आहेत.

याच सुमारास कायद्याच्या पातळीवर एक बदल फारशा चर्चेविना झाला. १८६७च्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिक नोंदणीचा २०२३चा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. नावाप्रमाणेच तो केवळ नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्याच्या कक्षेतून वगळली गेली. वसाहतकालीन पाळतीचा एक अवशेष गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर पुस्तकांच्या प्रांतवार नोंदीचा कायदेशीर आधारही गेला. आता उरला तो १९५४चा ग्रंथप्रदान कायदा. त्यानुसार प्रकाशकाने आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ग्रंथालयांना द्यायच्या असतात. हा कायदा पाळला जातो की नाही याकडे कसोशीने पाहिले गेले नाही, तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी पुस्तके दातेसूचीमुळे सापडतील आणि एकविसाव्या शतकातील सापडणार नाहीत, अशी विपरीत स्थिती ओढवेल.

करण्याजोगे बरेच

आशेला जागा आहे, कारण साधने हाताशी आहेत. न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली 'कोहा' ही मुक्त संगणकप्रणाली विनामूल्य आहे. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. देवनागरी तिला वर्ज्य नाही आणि दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद थेट उचलून आणण्याची सोय तिच्यात आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने मुक्त केलेल्या नोंदींत मराठी पुस्तकांच्या नोंदीही आहेत. त्या उतरवून घ्याव्यात, देवनागरीत आणाव्यात, दुरुस्त कराव्यात आणि पुन्हा जगाला द्याव्यात, यासाठी कोणाची परवानगी मागण्याचे कारण नाही. पुस्तके इथून गेली, आता निदान त्यांची वर्णने तरी परत आणता येतील.

बाकीचे काम धोरणाचे आहे. सार्वजनिक पैशातून तयार होणारी ग्रंथनोंद ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे तत्त्व शासनाने निःसंदिग्ध शब्दांत मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारने खुल्या माहितीचे धोरण २०१२ सालीच स्वीकारले आहे, ग्रंथालयांना त्यातून वगळण्याचे प्रयोजन नाही. अनुदानाच्या तपासणीत कपाटे, खुर्च्या आणि दाखल-नोंदवह्या मोजल्या जातात, त्याऐवजी आपल्या नोंदी युनिकोडमध्ये आणि मान्य मापदंडानुसार खुल्या करणाऱ्या ग्रंथालयाला जादा साहाय्य देता येईल. प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीशी करार करताना 'आमच्या नोंदी आम्हाला हव्या तेव्हा, हव्या त्या रूपात परत मिळतील' हे एक कलम घातले, तरी पुढचे अनेक अनर्थ टळतील. कंपनी बदलताना वर्षानुवर्षांचे टंकन वाया जाण्याची वेळ मग कोणावर येणार नाही.

याला होणारा सर्वांत प्रामाणिक आक्षेप पैशाचा किंवा यंत्राचा नाही, तो माणसांचा आहे. तुटपुंज्या अनुदानातून अर्धवेळ वेतन घेणाऱ्या ग्रामीण ग्रंथपालाने देवघेवीचा व्याप सांभाळून हे काम कधी करावे? त्याला उत्तर एकच आहे, आणि ते १९०१ सालीच सापडलेले आहे. एकाने लिहावे, सर्वांनी वापरावे. दहा हजार ग्रंथालयांत जे पुस्तक समान आहे त्याची नोंद एकदाच व्हावी. प्रत्येकाने नव्याने लिहायची ती फक्त आपल्याकडे असलेल्या आणि इतरत्र नसलेल्या पुस्तकांची. हा हिशेब मांडला, की डोंगराएवढे वाटणारे काम आवाक्यात येते. वाचकाचा वेळ वाचवा, हा डॉ. रंगनाथन यांचा चौथा सिद्धान्त १९३१ सालचा. नोंदींच्या देवघेवीत ग्रंथपालाचाही वेळ वाचतो.

ओहायोतील न्यायालये नोंदींच्या मालकीचा निकाल यथावकाश लावतील. मराठी पुस्तकांना तेवढी सवड नाही. आम्लयुक्त कागदावर छापलेली शतकापूर्वीची पाने हात लावताच तुटू लागली आहेत, आणि ज्यांना कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे तोंडपाठ होते, ते ग्रंथपाल निवृत्त होत आहेत. पान तुटण्याआधी त्याचे अंकीकरण करायचे, तर ते कोठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. त्यासाठी लागते ती केवळ एक नोंद, आणि ती स्वतःजवळ न ठेवण्याची तयारी.